कंदाहारच्या एका योद्ध्याच्या स्मृति : साधनचिकित्सा

मुल्ला अब्दुल सलाम झईफ ह्यांचें आत्मवृत्त इ. स. २०१० मध्यें 'माय लाइफ विथ द तालिबान' ह्या नांवानें लंडन व न्यूयॉर्क येथें इंग्रजींत प्रसिद्ध झालें. त्याचा बोलबाला झाला तो उत्तरार्धामुळें. ग्रंथकार हा तालिबान राजवटीचा इस्लामाबाद येथील वकील होता. जानेवारी २००२ मध्यें तो पाकिस्तानांत पकडला जाऊन अमेरिकनांच्या हातीं पडला, आणि सप्टेंबर २००५ पर्यंत अमेरिकनांच्या कैदेंत, मुख्यतः ग्वांटानामोच्या बंदिशाळेंत, होता. वर्तमानपत्रांनीं ती कहाणी उचलावी हें साहजिकच आहे. परंतु साधनें जमविणारांनीं ज्याकडे पाहावें तो भाग पूर्वार्धांत आहे. सोव्हिएत महासत्तेच्या फौजेशीं कंदाहारच्या पश्चिमेस जो लढा चालला, त्यांत पंधराव्या वर्षीं शिरलेल्या एका पोरक्या मुलाच्या त्या आठवणी होत. प्रस्तुत लेखांत त्या भागाचीच परीक्षा करावयाची आहे.

ग्रंथकाराच्या पक्षाविषयीं आरंभींच एक गोष्ट सांगून टाकतों. मुलींस शाळेचें दार बंद करणाऱ्या राजवटीची वकिली ज्यानें केली, त्याच्याशीं जन्मभर शाळेंत शिकविलेल्या मनुष्याचें मत जुळणें शक्य नाहीं. पण साक्षीदार आपल्या आवडीचा असला तरच त्याची साक्ष घ्यावी, असा नियम केला तर आपल्या दप्तरखान्यांतील निम्मीं कागदपत्रें बाहेर टाकावीं लागतील. साक्ष कितपत खरी, कोणत्या अंगीं खरी, एवढेंच येथें पाहावयाचें.

कंदाहार हें नांव मराठी वाचकास नवें नाहीं. पानिपतावर आपल्याशीं लढलेल्या अहमदशहा अब्दालीची राजधानी ती, आणि त्याची कबरही तेथेंच आहे. ज्या सांगीसार गांवीं ह्या आत्मवृत्तांतील अत्यंत महत्त्वाचा प्रसंग घडला, त्याच्या पश्चिमेस मैवंद आहे. २७ जुलै १८८० रोजीं तेथें इंग्रजांच्या ज्या ब्रिगेडचा अयूबखानानें धुव्वा उडविला, तींत मुंबई इलाख्याच्या फौजेचीं पायदळें व घोडदळ होतें. म्हणजे ह्याच मातींत आपल्याकडचे शिपाई दुसऱ्याच्या स्वारींत सामील होऊन पडले आहेत. हें ध्यानांत ठेविलें म्हणजे परकीय आक्रमणाविषयींची कंदाहारी मनाची तिखट आठवण केवळ १९७९ पासूनची नव्हे, हें कळून येतें.

प्रथम कालाची चौकट. सौर ७, १३५७ ह्या दिवशीं, म्हणजे २७ एप्रिल १९७८ रोजीं, काबूल येथें साम्यवाद्यांनीं सत्ता घेतली. जदी ६, १३५८ रोजीं, म्हणजे २७ डिसेंबर १९७९ ला, सोव्हिएत फौजेनें काबूलचा राजवाडा घेऊन हाफिजुल्ला अमीन ह्यास ठार केलें. एप्रिल १९८८ मध्यें जिनीव्हाचा करार झाला, आणि दल्व २६, १३६७, म्हणजे १५ फेब्रुवारी १९८९ रोजीं, शेवटची सोव्हिएत तुकडी अमू नदी ओलांडून परत गेली. ह्या नऊ वर्षांत सोव्हिएत पक्षाचे सुमारें पंधरा हजार लोक पडले. अफगाण मृतांची गणती कोणीं नीट केलीच नाहीं. पाकिस्तान व इराण ह्या देशांत पळून गेलेल्या निर्वासितांची संख्या मात्र पन्नास लाखांहून अधिक भरते.

मित्या मुद्दाम अफगाण पंचांगाच्या दिल्या आहेत. तेथील सौर हिजरी वर्ष वसंतसंपाताच्या दिवशीं बदलतें, आणि महिन्यांचीं नांवें राशींचीं आहेत : हमल म्हणजे मेष, सौर म्हणजे वृषभ, जदी म्हणजे मकर, दल्व म्हणजे कुंभ. आपल्याकडे सायन पंचांगाचा पुरस्कार करणारांस ज्या संक्रांति पाहिजेत, त्याच तेथें सरकारी दप्तरांत रूढ होत्या. प्रश्न असा कीं, १३६२ हें वर्ष मार्च १९८३ च्या अखेरच्या भागांत सुरू होऊन मार्च १९८४ मध्यें संपतें. मग 'बासष्ट सालीं' घडलेली हिवाळ्यांतील गोष्ट इंग्रजींत १९८३ म्हणून छापिली, कीं ती एका वर्षानें मागें सरकण्याचा संभव उत्पन्न झालाच. मुल्ला मंडळींच्या तोंडीं चांद्र हिजरी सनही असतो, त्यामुळें घोटाळ्यास आणखी एक वाट मिळते. शकाचें इसवींत रूपांतर करतांना पौष-माघाच्या मित्या ज्यानें एकदा तरी चुकविल्या असतील, त्यास हें अधिक सांगावयास नको. अशा आठवणींत महिन्यावांचून नुसता इंग्रजी सन दिसला, तर तो कोणीं तरी मागाहून रूपांतरून घातला असें धरून चालावें.

आतां स्मृति ह्या साधनाकडे वळूं. आपल्या नैयायिकांनीं बुद्धीचे अनुभव व स्मृति असे दोन भाग केले, आणि स्मृति ही केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारी म्हणून ती प्रमेच्या पंक्तींत बसविली नाहीं. तथापि ती टाकाऊही मानिली नाहीं. यथार्थ अनुभवापासून झालेली ती यथार्थ, अयथार्थापासून झालेली ती अयथार्थ, असा अन्नंभट्टानें विभाग केला आहे. म्हणजे स्मृतीचें खरेंखोटेपण तिच्या पोटांत नाहीं. मूळ अनुभवांत आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, संस्कार मनांत निजलेला असतो, आणि त्यास जागें करणारा कोणी उद्बोधक लागतो. तो उद्बोधक कोण, हें विचारल्यावांचून आठवणींच्या ग्रंथाचें परीक्षण करूं नये. पाश्चात्य ग्रंथांतील साधनचिकित्सेचे नियम आम्ही तोंडपाठ करतों आणि घरचें हें शास्त्र परीक्षेपुरतें वाचून ठेवितों, ही आमच्या शिक्षणाची तऱ्हा झाली.

झईफच्या बाबतींत उद्बोधक तीन दिसतात. पहिला, १९९४ नंतरची तालिबान राजवट आणि तींतील त्याचा अधिकार. दुसरा, दुसऱ्या महासत्तेच्या बंदिशाळेंतील तीन वर्षांहून अधिक काल. तिसरा, इंग्रजी संपादकांचे प्रश्न. अलेक्स स्ट्रिक व्हान लिन्स्कोटेन आणि फेलिक्स क्यून हे ते दोघे संपादक. दोघेही कंदाहार शहरांत राहिलेले, तेथील लोकांत मिसळलेले. त्यांच्या टिपा परिश्रमपूर्वक लिहिलेल्या आहेत, आणि परदेशीय संपादकानें नांवांची व गांवांची एवढी काळजी घ्यावी हें विरळाच. परंतु मूळ लेखन पुश्तू, आणि जगानें वाचिला तो इंग्रजी ग्रंथ, ही गोष्ट त्यांच्या परिश्रमानें पुसली जात नाहीं. कोणतें वाक्य मूळचें, कोणतें प्रश्नास दिलेलें उत्तर, कोणतें क्रम लावतांना जोडलेलें, हें इंग्रजी पानावर सर्व एकाच शाईनें छापलेलें आहे.

आपणांस हा अनुभव घरचाच आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांनीं सत्तावनच्या धामधुमींत पाहिलेलें सुमारें १८८३ त लिहून काढिलें. तें भारताचार्य वैद्यांनीं १९०७ त 'माझा प्रवास' म्हणून छापिलें, तें भाषेंत व मजकुरांत फेरफार करून. मूळ हस्तलिखित पुढें भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आलें, आणि दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ त तें जसेंच्या तसें प्रसिद्ध केल्यावर भटजींचा खरा आवाज लोकांस ऐकूं आला. मध्यें एकोणसाठ वर्षें गेलीं. त्या अवधींत ज्यांनीं ज्यांनीं 'गोडसे असें म्हणतात' म्हणून लिहिलें, त्यांतील किती जणांनीं वस्तुतः वैद्यांचें वाक्य उद्धृत केलें, हें एकदा कोणीं तरी मोजावें. वैद्यांचा हेतु वाईट नव्हता. इंग्रजी अमलांत तें पुस्तक छापावयाचें होतें. कंदाहारच्या संपादकांचाही हेतु वाईट नाहीं. पण पाठ तो पाठ.

ह्याहून निकटचें उदाहरण तात्या टोप्यांच्या जबानीचें आहे. एप्रिल १८५९ मध्यें मुशैरीच्या छावणींत कैदेंत असतां ती लिहून घेतली गेली, आणि त्याच महिन्यांत त्यांस फांशी दिलें. त्या जबानींत मुख्यतः काय आहे? कूच, मुक्काम, नदी उतरणें, तोफा गमावणें. शिवाय आपण धन्याच्या आज्ञेनें वागलों आणि गोऱ्या बायकामुलांच्या कत्तलींत आपला हात नव्हता हें निवेदन. लढलों कां, ह्याचा ऊहापोह नाहीं. कारण विचारणारास तो नको होता, आणि सांगणारास त्याचा कांहीं उपयोग नव्हता. विचारणाराचा प्रश्न हा साक्षीचा सांचा असतो. झईफला विचारणारे मित्र होते, आणि त्याच्यापुढें फांशीचा दोर नव्हता. म्हणून त्याच्या ग्रंथांत 'कां' ह्याचें उत्तर पानोपानीं आहे, आणि 'कोठून कोठें, कितीजण' ह्याचें त्या मानानें विरळ आहे.

ह्याच युद्धाविषयीं उलट जातीचें एक साधन उपलब्ध आहे. अली अहमद जलाली व लेस्टर ग्राऊ ह्या दोघां लष्करी गृहस्थांनीं युद्धानंतरच्या दशकांत मुजाहिदीन सरदारांच्या मुलाखती घेऊन 'दि अदर साइड ऑफ द माउंटन' हा ग्रंथ अमेरिकन नौसैनिक दलाकरितां सिद्ध केला. त्यांत कंदाहार प्रांतांतील चकमकीही आहेत. जलाली हे स्वतः जुन्या अफगाण सैन्यांतील अधिकारी. त्यांचा प्रश्न एकच : तोफ कोठें लाविली, वाट कशी अडविली, माघार कोणत्या ओढ्यानें घेतली? उत्तरेंही तशींच आलीं, नकाशांसह. त्यांत शौर्य आहे, फजिती आहे. पण तो माणूस रात्रीं कोणत्या भीतीनें जागा राहिला हें नाहीं. जलाली-ग्राऊंचें पुस्तक आणि झईफचें पुस्तक शेजारीं ठेवून वाचावें. दोन्हींत मिळून एक युद्ध थोडेंफार दिसूं लागतें. रशियन जनरल स्टाफचा अहवालही २००२ पासून इंग्रजींत उपलब्ध आहे. पण त्यांत शेतकऱ्याचें घर हें बहुधा 'गढी' म्हणूनच येतें.

आतां मजकुराकडे. झईफचा जन्म १९६८ चा, पंजवाई भागांतील. बाप मशिदींतील इमाम; आईबाप दोघेही लहानपणींच वारले, आणि मुलगा नातेवाइकांच्या घरीं वाढला. रशियन फौज येण्याच्या सुमारास कुटुंब पाकिस्तानांत पळालें. तेथें निर्वासितांच्या छावणींत राहून, क्वेट्ट्याकडे थोडेंफार शिकून, १९८३ त हा मुलगा घरीं कोणास न सांगतां कंदाहारास परत आला आणि लढाईंत शिरला. पुढें नेलगाम येथें मुल्ला महंमद सादिक ह्याच्या हाताखालील तालिबांच्या, म्हणजे मदरशांतील विद्यार्थ्यांच्या, तुकडींत तो गेला. हा भाग ग्रंथांतील उत्कृष्ट होय. पोरका मुलगा घर सोडून आघाडीवर जातो, आणि आघाडी हेंच त्याचें घर होतें. हें ग्रंथकार मोठ्यानें सांगत नाहीं, पण प्रत्येक सोबत्याचें नांव ज्या काळजीनें नोंदवितो त्यावरून तें समजतें. बाप, गांव, हुद्दा, मरण कोठें आलें. सरदारांच्या बखरींत असे शिपाई 'खाशी माणसें पडलीं' ह्या तीन शब्दांत संपतात.

स्थलवर्णनही साक्ष म्हणून चांगलें उतरतें. कंदाहारच्या पश्चिमेस अर्घंदाब नदीच्या कांठीं द्राक्षमळ्यांचा पट्टा आहे. तेथें द्राक्षवेल मांडवावर चढवीत नाहींत. मातीच्या उंच वरंब्यांवर लावितात आणि दोन वरंब्यांमध्यें माणूस दडेल एवढे खोल चर असतात. मनुका वाळविण्याच्या इमारती जाड मातीच्या भिंतींच्या, भिंतींस झरोके ठेविलेल्या. त्या गोळीस दाद देत नाहींत आणि झरोक्यांतून बंदूक सहज चालते. शिवाय पाणी वाहून आणणारे पाट आणि जमिनीखालील कारेझ. मलिक अंबरानें खडकीस जी नहर आणिली, ती ज्यानें पाहिली असेल त्यास कारेझ म्हणजे काय हें समजावून द्यावयास नको. अशा मुलुखांत रणगाड्याचा उपयोग थोडा, विमानाचा पुष्कळ. म्हणून बागा आणि पाट हेच बाँबचें लक्ष्य झाले. झईफच्या लढाया ह्या भूमीवर बसतात. गांवें एकमेकांपासून जेथें असावयास पाहिजेत तेथें आहेत, आणि माघारीच्या वाटा नकाशावर बोट ठेवून दाखवितां येतात. रचलेल्या कथेंत भूगोल आधीं ढासळतो, हा आपल्या बखरींचा अनुभव येथें उपयोगीं पडतो.

वादाचा मुद्दा निराळा आहे. झईफ म्हणतो कीं, तालिबांच्या आघाड्या कंदाहारांत १९८० नंतरच्या दशकांतच उभ्या होत्या, त्यांची शिस्त इतर टोळ्यांहून वेगळी होती, आणि त्यांचीं स्वतःचीं न्यायासनें होतीं. पासानई साहेब ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मौलवीचें न्यायासन तो मोठ्या आदरानें वर्णितो. ह्याचा अर्थ असा कीं, १९९४ मध्यें सांगीसारच्या मशिदींत मंडळी जमून जी चळवळ निघाली, ती नवी नव्हती. जुन्या आघाडीचेंच तें पुनरुज्जीवन होतें. उलट, तालिबान हें १९९४ मध्यें पाकिस्तानानें घडविलेलें सोंग, ही समजूत वृत्तपत्रांत पुष्कळ काल रूढ होती. हा वाद नुसता पंडितांचा नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्यें तीच मंडळी पुनः काबूलांत येऊन बसली, आणि देशाच्या बचावांतून आम्ही जन्मलों हें सांगण्याचा लाभ त्यांस आजही मिळतो.

येथें मीमांसकांचा नियम लावून पाहावा. जैमिनीय सूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत स्मृतिप्रामाण्याचा विचार आहे. श्रुतीचा आधार न दिसणारी स्मृतिही सामान्यतः प्रमाण धरावी. परंतु तिच्या मुळाशीं लोभासारखा दृष्ट हेतु आढळला तर धरूं नये, असा तेथें निर्णय आहे. यज्ञांतील वस्त्र अध्वर्यूनें घ्यावें असें एक स्मृति सांगते. शबरस्वामी म्हणतो कीं ही कोणा लोभी अध्वर्यूपासून निघाली असावी. एवढ्या कडक कसोटीस झईफचीं न्यायासनें उतरत नाहींत. न्यायासनांवरच ज्या पक्षानें पुढें राज्य मिळविलें, त्या पक्षाच्या वकिलाच्या तोंडीं पूर्वीच्या न्यायासनांची स्तुति ही अध्वर्यूच्या वस्त्रासारखीच आहे. म्हणून ह्या भागास बाहेरचा आधार पाहिजे.

तो आधार थोडा मिळतो. फ्रेंच अभ्यासक ऑलिव्हिए रुआ ह्यानें अफगाण प्रतिकारावरील आपला ग्रंथ १९८५ त, म्हणजे १९९४ च्या नऊ वर्षें आधीं, प्रसिद्ध केला. दक्षिणेकडील मौलवी व त्यांचे मदरसे ह्यांच्या जाळ्यावर प्रतिकार कसा उभा राहिला, ह्याचें त्यांत विवेचन आहे. ज्या काळीं तालिबान हें राजवटीचें नांव नव्हतें त्या काळची नोंद म्हणून तिचें मोल मोठें. म्हणजे विद्यार्थ्यांच्या आघाड्या होत्या, एवढें मानावयास हरकत नाहीं. त्या १९९४ च्या चळवळीशीं अखंड जोडलेल्या होत्या काय, हें मात्र रुआच्या नोंदीनें सिद्ध होत नाहीं. झईफ स्वतःच सांगतो कीं, रशियन गेल्यावर मंडळी पांगली, कोणी मशिदींत इमाम झाले, कोणी शिकावयास गेले, आणि वाटेवर नाके बसवून लुटणाऱ्या बंदूकवाल्यांचा अंमल माजला. मध्यें पांच वर्षांचा खंड आहे. खंडाच्या दोन्ही कांठांवर तींच माणसें उभीं दिसतात, म्हणून मधली नदी कोरडी होती असें ठरत नाहीं.

ह्याच्या उलट, ग्रंथांत कांहीं गोष्टी ग्रंथकाराच्या हिताविरुद्ध आहेत, आणि म्हणूनच त्या अधिक विश्वसनीय होत. पाकिस्तानच्या लष्करी हेरखात्याकडून आपण युद्धशिक्षण घेतलें, हें तो लपवीत नाहीं; त्यास त्यानें स्वतंत्र प्रकरणच दिलें आहे. ज्या पक्षावर 'पाकिस्तानचें बाहुलें' हा आरोप जन्मापासून आहे, त्या पक्षाच्या मनुष्यानें हें लिहावें ह्यास किंमत आहे.

दुसरी गोष्ट सांगीसारच्या डोळ्याची. पुढें तालिबानांचा अमीर झालेला मुल्ला उमर ह्याचा उजवा डोळा कसा गेला, ह्याच्या जितक्या कथा तितके पाठ. त्यानें स्वतःच्या हातानें डोळा उपटून पापणी शिवून टाकिली, अशी दंतकथा आहे. तींत पुराणाचा वास स्पष्ट येतो. अहमद रशीद ह्या अनुभवी पाकिस्तानी पत्रकारानें २००० सालच्या आपल्या ग्रंथांत उमर हा १९८९ ते १९९२ ह्या काळांत, म्हणजे रशियन गेल्यावर नजीबुल्लाच्या राजवटीशीं, लढला आणि चार वेळां जखमी झाला असें लिहिलें. एप्रिल २०१५ मध्यें तालिबानांनीं उमरचें अधिकृत चरित्र प्रसिद्ध केलें. त्यांत तो रशियनांशीं लढतांना जखमी झाल्याचें आहे. तें चरित्र उमर हयात आहे अशा थाटानें त्याची दिनचर्या वर्णितें, आणि जुलै महिन्यांत उघड झालें कीं, तो २०१३ मध्येंच वारला होता. राजदरबारी चरित्राची योग्यता ह्याहून अधिक कोणीं सांगावी! आणि झईफ सांगतो तें असें : सोव्हिएत फौज असतांना सांगीसार येथें लढाई जुंपली, उमर भिंतीच्या कोपऱ्याआडून डोकावत होता, जवळच गोळा फुटला, आणि कपची लागून उजवा डोळा गेला. आपण तेथें होतों असें तो म्हणतो.

पुढचा तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच रात्रीं, मेलेले सोबती पुरल्यावर, उरलेल्या मंडळींनीं गाण्याची बैठक केली, आणि नुकताच डोळा गमावलेल्या उमरनें गझल गायिली. ज्या राजवटीनें १९९६ ते २००१ ह्या काळांत वाद्यें फोडलीं आणि ध्वनिफितींचीं भेंडोळीं नाक्यानाक्यांवर खांबांस लटकाविलीं, तिच्या संस्थापकाचें हें चित्र तिच्याच वकिलानें काढिलें आहे. लोभमूलक स्मृति असती तर तीत उमर नमाज पढला असता, गाइला नसता. कोणी म्हणेल कीं, वाद्यावांचून गाणें त्यांस निषिद्ध नव्हतें. हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणून ह्या प्रमाणाचें वजन थोडें कमी करावें. तरीही शौर्यकथेस न शोभणारा, विसंगत आणि मानवी असा हा तपशील कोणी मुद्दाम रचील असें वाटत नाहीं. हस्तलिखितांत सोपा पाठ व अवघड पाठ समोर आले असतां लेखकूनें अवघडाचा सोपा केला असेल, सोप्याचा अवघड करणार नाहीं, असें आपण म्हणतों. गाणारा उमर हा अवघड पाठ आहे. जखम युद्धकालांतील व सांगीसारची, हें मत ह्या साक्षीवरून ग्राह्य धरावें असें मला वाटतें. रशीदचें लेखन साक्षेपी आहे. पण ह्या मुद्द्यावर तें ऐकीव आहे.

आतां न बोललेल्या गोष्टी. ह्या युद्धांत समोरच्या फळींत केवळ रशियन नव्हते. काबूल सरकारचें अफगाण सैन्य होतें, पगारी टोळ्या होत्या, आणि त्यांतील शिपाई पुष्कळदां त्याच भागांतील, क्वचित् त्याच कुळींतील. झईफच्या स्मृतींत शत्रु बहुतेक परका आहे. भाऊबंदकीची लढाई आठवणींत परकीयांशीं झालेली लढाई होऊन बसते, हें सर्वत्र आढळतें. बायकांचाही पत्ता नाहीं. भाकरी कोणीं भाजली, जखमी कोणाच्या घरांत निजला, बाँब पडल्यावर मुलें घेऊन सरहद्दीकडे कोण चालत गेलें, ह्याविषयीं ग्रंथ जवळजवळ मुका आहे. आघाडीवरील पोरानें तें पाहिलेंच नसेल, हें खरें. पण निर्वासित छावणी तर त्यानें स्वतः पाहिली होती.

आणखी एक सावधगिरी. १९८३ चा मुलगा रशियनांविषयीं जें बोलतो, त्यांत २००२ च्या कैद्याचा आवाज किती मिसळला आहे? आक्रमण, अपमान, घरांची झडती, परकीयांचे दुभाषे, हे शब्द दोन्ही युद्धांस लागतात, आणि लेखन झालें तें दुसऱ्या महासत्तेची फौज कंदाहारांत असतांना. ती फौज देशांतून गेली ती ३० ऑगस्ट २०२१ ला. म्हणून जेथें ग्रंथकार सोव्हिएत वर्तनाचें सामान्य वर्णन करतो, तेथें हात आंखडता घ्यावा. जेथें तो नांव, गांव व प्रसंग सांगतो, तेथें मोकळेपणानें घ्यावें. सामान्य वाक्यांत पुढचे संस्कार झिरपतात. विशिष्ट प्रसंगांत त्यांस शिरावयास जागा कमी मिळते.

ग्रंथकाराचें 'झईफ' हें उपनाम अरबींतून आलेलें, अर्थ 'दुर्बळ'. हदीसच्या शास्त्रांत हाच शब्द कच्च्या परंपरेच्या वचनास लावितात, हा योगायोग मौजेचा आहे. त्या शास्त्रांत वचनाआधीं तें कोणीं कोणास सांगितलें ह्याची सांखळी पाहतात. एक कडी कच्ची निघाली कीं वचन झईफ ठरतें. ह्या ग्रंथाची सांखळी लहान आहे आणि तिच्या सर्व कड्या हयातींतील माणसांच्या हातांत आहेत, ही चांगली गोष्ट. संपादकांनीं मूळ पुश्तू मजकूर इंग्रजीच्या शेजारीं, पानास पान लावून, छापावा, आणि ग्रंथकाराशीं झालेल्या संभाषणांच्या नोंदी एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयांत अभ्यासकांस पाहावयास ठेवाव्या. पोतदारांस गोडशांचें बाड मिळालें, कारण तें जाळलें गेलें नव्हतें. ध्वनिमुद्रित साक्षींस वाळवी लागत नाहीं. पण यंत्रें बदललीं कीं त्या वाचतां येत नाहींत, आणि तें नुकसान बाडाच्या नाशाहून गुपचूप होतें. ज्या कोणास हे भाग मराठींत आणावयाचे असतील त्यानें पुश्तू जाणणारा मनुष्य जवळ घ्यावा, हमल-सौरादि महिने तसेच ठेवावे, इंग्रजी सन कंसांत द्यावा, आणि सांगीसारच्या प्रकरणांतील मृतांचीं नांवें, तीं कितीही लांब व कंटाळवाणीं वाटलीं तरी, एकही गाळूं नये.